जरा लक्ष ठेवाल का

“काकू, जरा ह्या पिशव्यांकडे लक्ष ठेवाल का? आम्ही आत्ता येतो,” असं हिरव्या टोपीतली ती मुलगी म्हणाली, आणि बाईंच्या तोंडून “हो, जा ना,” असं निघून गेलं. शिंक येते तसं. आधी विचार आणि मग शब्द असा जो काही क्रम असतो, तो ‘हो’च्या बाबतीत त्यांना कधी जमलाच नव्हता. मुलीने दोन फुगलेल्या पिशव्या, टॉवेलांची एक गुंडाळी आणि चपलांचा ढीग बाईंच्या पायाशी ठेवला, नवऱ्याला आणि दोन पोरांना ओढत ती पाण्याकडे पळाली, आणि बाई तिथेच उभ्या राहिल्या. अंगात लाल लाइफ जॅकेट, डोक्यावर हनुवटीखाली बांधलेली टोपी, हातात वल्हं, आणि शेजारी वाळूवर त्यांची स्वतःची केशरी कयाक. तिचं नाक समुद्राकडे आणि शेपूट गर्दीकडे. एवढा सगळा सरंजाम अंगावर असताना त्या मुलीला आपण पिशव्या सांभाळायला आलेल्या कशा दिसलो, हे बाईंना कळेना. जरा वेळाने कळलं. तिने वल्हं पाहिलंच नव्हतं. तिने चेहरा पाहिला होता.

बाईंना सगळे बाईच म्हणत. सारी नोकरी त्यांनी बालवर्गावर काढली होती, त्यामुळे घराच्या आसपास टक्कल पडलेले, पोटं सुटलेले बाप्येसुद्धा त्यांना पाहिलं की हातातली सिगारेट पाठीमागे धरत. नवराही चारचौघांत बाईच म्हणे. तो स्वतः मिस्त्री. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. आता तो गाडी लावायला गेला होता, आणि रविवारच्या ह्या गर्दीत गाडी लावायची म्हणजे पार मागच्या रस्त्याला, आणि तिथून दुखऱ्या गुडघ्याने चालत यायचं, म्हणजे तो येईपर्यंत काय काय होऊन जाईल ते सांगता येत नव्हतं. होणार काय होतं, ते त्या दोन निळ्या झेंड्यांवर लिहिल्यासारखं दिसत होतं. दोन झेंड्यांच्या मध्ये लोकांनी पोहायचं, आणि उजवीकडच्या झेंड्यापासून खडकांपर्यंत जो एक अरुंद पट्टा रिकामा होता, तेवढ्यातूनच होडी लोटायची. जीवरक्षकाने मघाशीच येऊन बजावलं होतं, की गर्दी वाढली की तो उजवा झेंडा उचलून खडकाशी रोवणार, आणि मग आज होडी नाही. “लवकर आटपा मावशी,” एवढंच म्हणून तो शिट्टी फुंकत गेला होता. आणि गर्दी वाढत होती. बसमधून उतरणाऱ्या माणसांसारखी माणसं वाळूवर येत होती, छत्र्या उघडत होती, अंगाला तेल चोपडत होती.

आज नाही तर उद्या, असं म्हणायची सोय नव्हती. उद्या दुपारच्या गाडीने लेकीकडे जायचं होतं. लेकीला दिवस गेले होते, आता बाळंतपण आणि पुढचे काही महिने मुक्काम तिकडेच. आणि कयाक? ती इमारतीच्या वाहनतळात छताला टांगलेली असे. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर येता-जाता तिच्याकडे पाहत आणि म्हणत, नाहीतरी पडूनच आहे बाई, तर मला द्या. ते वाईट बोलले नव्हते. तळ्यावर चार रविवार फिरवून आणलेली होडी मासे मारायची होडी म्हणून टांगून ठेवायची, ह्यात पडून राहणं होतंच. एके दिवशी बाई त्यांना म्हणाल्या, ह्या रविवारी समुद्रात नेऊन आणते, नाही जमलं तर सोमवारी सकाळी तुम्ही घेऊन जा. हा शब्द मात्र शिंकेसारखा आला नव्हता. जिन्यात उभं राहून, नीट विचार करून दिला होता. स्वतःला त्या ओळखून होत्या. एकदा ती केशरी वस्तू त्या छतावरून गेली, की परत आल्यावर त्या जागेकडे बघून त्या म्हणणार, बरं झालं, जागा मोकळी झाली.

त्या पिशव्यांशेजारी वाळूत बसल्या. उभं राहून राखण होत नाही, हे त्यांच्या शरीराला कुणी सांगावं लागत नव्हतं. बसल्या, आणि उजव्या पायाची टाच आपोआप वाळू उकरायला लागली. वर गरम, कोरडी, मग कोमट, मग एकदम गार आणि ओली, आणि मग टाचेच्या खळग्यात हळूच पाझरून आलेलं चमचाभर पाणी. हा खळगा जुना होता. दादा, म्हणजे त्यांचे वडील, दोघी बहिणींना सायकलवर बसवून समुद्रावर न्यायचे. ताई पुढच्या दांडीवर, ह्या मागे. वाळूशी पोचलं की सायकलपाशी कुणीतरी थांबायला हवं, कपड्यांपाशी कुणीतरी बसायला हवं, आणि दादा म्हणायचे, धाकटी शहाणी आहे, ती बसेल. शहाणी म्हटल्यावर कोणतं पोर हलेल? त्या बसायच्या, ताठ, पाटीसारख्या, आणि ताईच्या किंकाळ्या ऐकत टाचेने खळगा करायच्या, की समुद्र तिथूनच त्यांच्यापर्यंत यायचा. ताई भिजून, ओठ निळे करून परत आली की विचारायची, तुला मजा नाही आली ना? आणि त्या खळगा दाखवायच्या. ताई म्हणायची, एवढासाच? पुढे बालवर्गाच्या सहली आल्या. तेव्हा तर समुद्राकडे बघायची फुरसतच नव्हती. पोरांची डोकी मोजायची. मोजून झाली की पुन्हा मोजायची, कारण डोकी हलतात. त्या सगळ्या वर्षांत समुद्र त्यांच्या लेखी डोक्यांच्या मागची भिंत होता, फळ्यामागे असते तशी. मग लेक, लेकीच्या मैत्रिणी, नणंदेची मुलं. आणि मिस्त्री. तो पाण्यात शिरायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून बाईंच्या हातात द्यायचा. न बघता, हात मागे करून, जशी भिंतीला खुंटी असतेच असं धरून माणूस सदरा अडकवतो तसा. खुंटीही कधी सरकली नाही.

त्यांना स्वतःशीच हसू आलं. कारण ह्यात कुणी कुणावर जुलूम केला होता असं काही नव्हतं. बसायला त्यांना आवडायचंही. पाण्यातून परत येणारी माणसं जी धावत येतात ना, ती टॉवेलाकडे धावत असली तरी टॉवेल ज्याच्या हातात असतो त्याच्याकडेच येतात. तो मान त्यांनी पुष्कळ घेतला होता. ते मोडलं पोहण्याच्या तलावावर. मिस्त्रीच्या गुडघ्यासाठी डॉक्टरने पाण्यात चालायला सांगितलं होतं, आणि बाई काठावरच्या बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिथला शिकवणारा पोरगेला मास्तर, गळ्यात सतत शिट्टी, म्हणून बाईंनी त्याला शिट्टीमास्तर नाव ठेवलं होतं, तो जवळ येऊन म्हणाला, तुम्ही कोणाबरोबर? ह्यांच्याबरोबर. मग ते चालताहेत, तुम्ही का नाही? बाईंनी मांडीवरच्या टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. एवढ्या वर्षांत पोरांनी त्यांना आकाश निळं का, मुंगीला झोप येते का, देवाची आई कोण, असलं सगळं विचारलं होतं आणि कोणी कधी अडवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या काळा पोशाख घेऊन आल्या. वर्षभराने पोहायला लागल्या, बेडकासारख्या, तोंड वर काढून. आणि शिट्टीमास्तर सुट्टीच्या दिवशी तळ्यावर कयाक घेऊन मासे धरायला जातो असं कळल्यावर त्याच्या मागे लागून एक दिवस त्याही गेल्या. मासा मिळाला नाही. पण पाण्याच्या मधोमध बसून, गळ टाकून, कोणाचीही नसलेली वाट बघत राहणं, हे त्यांना असं लागलं, की घरी येऊन त्या कितीतरी वेळ हातपाय न धुता तशाच बसून होत्या. मग ही केशरी कयाक घरी आली, तेव्हा मिस्त्री पुढे झाला. त्याने वाहनतळात छताला दोन कप्प्या बसवल्या, दुसऱ्या टोकाला जुन्या लिफ्टची वजनं अडकवली, आणि म्हणाला, एका बोटाने ओढ. त्यांनी ओढलं तर एवढी लांब होडी अळीसारखी सळसळत खाली आली. तो काहीही वर-खाली करून देऊ शकत होता. एका जागी बसणं तेवढं त्याला जमत नसे.

समोर लाटा येत होत्या आणि बाई त्यांच्याकडे पाहत होत्या. हे पाहणं तळ्यावर शिकवता येत नाही, म्हणून शिट्टीमास्तरने वाळूत रेघा मारून शिकवलं होतं आणि शिकता-शिकता बाईंच्या लक्षात आलं होतं की हे आपल्याला येतं. भरल्या समुद्रात होडी लोटणं म्हणजे बालवर्गाला रस्ता ओलांडून नेणं. घाई करायची नाही. लाटा सुट्या येत नाहीत, घोळक्याने येतात. मोठ्या मोठ्या चार गेल्या की मध्ये जरा रस्ता मोकळा होतो. तोवर गुडघाभर पाण्यात होडीचं नाक सरळ धरून उभं राहायचं. गळाच्या काठ्या उभ्या ठेवायच्या नाहीत, आडव्या करून पट्ट्याने बांधायच्या, आणि जे जे म्हणून सामान आहे ते दोरीने होडीला अडकवायचं, पोरांच्या गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवतो तसं, कारण हरवायचं ते रस्त्यातच हरवतं. आणि एकदा निघालं की मध्ये थांबायचं नाही. मध्ये थांबतं ते पोर पडतं. आत्ताच घोळका येऊन गेला होता. पुढे पाणी कसं कापडासारखं पसरलं होतं. ह्या क्षणी निघालं असतं तर शंभर आकडे मोजायच्या आत पलीकडे. पायाशी टॉवेलांची गुंडाळी होती.

त्या उभ्या राहिल्या आणि हिरवी टोपी शोधू लागल्या. सापडली, पार आत, छातीभर पाण्यात, लाटेबरोबर उडी मारताना. बाईंनी हात वर करून हलवला. इकडे या, असा. मुलीने पाहिलं. तिचा चेहरा उजळला, आणि तिनेही दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले, पोरांना दाखवलं, पोरांनीही हलवले, नवऱ्यानेही. किती छान काकू आहेत, असं ते आपसात म्हणत असणार. बाई खाली बसल्या. पिशव्या टाकून जाता येईल का, असा विचार त्यांनी एकदा करून पाहिला, उगाच, चवीपुरता. नाही जमला. शेजारी छत्रीखाली एक जोडपं होतं, त्यांना सांगता आलं असतं. पण दुसऱ्याने आपल्यावर टाकलेलं तिसऱ्यावर टाकायचं, आणि मग ते जोडपं पोहायला जाताना चौथ्यावर टाकणार. वर्गात त्यांनीच शिकवलं होतं, ज्याने हो म्हटलं त्यानेच करायचं. आपलंच शिकवलेलं असं वेळेला आडवं येतं. आणि मग त्यांना अचानक दिसलं, की मघापासून आपण त्या चौघांची डोकी मोजतोय. थोरला दोनदा लाटेखाली गेला होता आणि दोन्ही वेळा बाईंचा श्वास अडकून मग सुटला होता. कोणी सांगितलं होतं? फक्त पिशव्या सांगितल्या होत्या. त्यांना स्वतःचा थोडा राग आला, थोडी गंमतही वाटली, आणि ह्या दोन्हींच्या खाली, टाचेखाली लागतं तसं काहीतरी गार लागलं. ही पोरगी येईपर्यंत बसायला लागतंय ह्याचं आपल्याला बरं तर वाटत नाहीये ना? लाटा जवळून तळ्यापेक्षा उंच होत्या. आणि इथे सगळे बघत होते. उलटलो तर सगळ्यांसमोर उलटणार. पिशव्या नसत्या तर दुसरं काही कारण आपल्याला सापडलं असतं का? असतंच. मिस्त्रीचा गुडघा, ऊन, वारा. आयुष्यभर आपल्याला लोकांनी बसवलं की आपणच बसायला जागा शोधत होतो, हा हिशेब त्यांना ह्या वयात लावायचा नव्हता, निदान लाइफ जॅकेट घालून तर नाहीच.

जीवरक्षक उजव्या झेंड्यापाशी आला. त्याने गर्दीकडे पाहिलं, मान हलवली आणि काठी हलवून सैल करायला लागला. आणि नेमका तेव्हाच मिस्त्री आला, घामाघूम, लंगडत, गाडी लावायला कुठेकुठे हिंडावं लागलं आणि एका मूर्खाने दोन गाड्यांची जागा कशी अडवली ते सांगत. बोलता-बोलता त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि न बघता हात पुढे केला. गुडघ्याचं झाल्यापासून तो समुद्रात शिरत नव्हता. तरी वाळू दिसली की घड्याळ निघायचं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, कानातली काढली, हातातली अंगठी फिरवून-फिरवून काढली, आणि हे सगळं घड्याळासकट त्याच्या पसरलेल्या तळहातावर ठेवून वर त्याची बोटं मिटली.

“धरा,” त्या म्हणाल्या. “आणि ह्या पिशव्या.”

“कोणाच्या?”

“त्या हिरव्या टोपीवालीच्या.”

“ती कोण?”

“मला काय माहीत. बसा इथे. उठायचं नाही.”

“अगं, पण तुला लोटायला कोण?”

“तुम्ही बसलात तर मी लोटेन.”

मिस्त्री बसला. गुडघा लांब करून, मूठ छातीशी धरून, शाळेच्या पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरासारखा. बाईंनी होडीची दोरी खांद्यावर घेतली आणि ओढली. ओल्या वाळूवर ती जड गेली, मग पाणी लागताच हलकी झाली, कप्पीवरून यायची तशी. जीवरक्षकाने हातातली काठी तशीच धरून ठेवली. मागून कोणीतरी म्हणालं, आजी चालल्या बघ. गुडघाभर पाणी. नाक सरळ. एक मोठी गेली, दुसरी गेली, पोटावर गार फटकारा आला, तिसरी, चौथी. रस्ता मोकळा. त्या बसल्या, पाय आत घेतले, वल्हं मारलं, उजवं, डावं, उजवं. होडी निघाली. आणि इथे बाईंनी ती चूक केली जी दुसऱ्या कोणी केली नसती: मिस्त्री खरंच बसलाय का, हे बघायला मान मागे वळवली. बसला होता. पिशव्याही होत्या. वल्हं थांबलं, नाक फिरलं, होडी आडवी झाली आणि एक लहानशी, काही विशेष नसलेली लाट आली आणि तिने बाईंना कुशीवर घेतल्यासारखं अलगद उलटं केलं.

खाली सगळं हिरवं होतं आणि शांत. नाकात मीठ गेलं. त्या वर आल्या तेव्हा कानात हसण्याचा आवाज होता, सबंध किनाऱ्याचा, आणि ज्याची त्यांना इतका वेळ भीती वाटत होती ते हेच होतं, आणि ते होऊन गेलं होतं. पाणी कमरेएवढंच होतं. पोर पडलं की बाई कधी लागलं का रे म्हणून विचारत नसत. त्या म्हणत, ऊठ, काय सापडलं खाली? त्या उठल्या. टोपी गळ्यात लोंबत होती, वल्हं दोरीला होतं, काठ्या पट्ट्यात होत्या, आमिषाचा डबासुद्धा दोरीला बदकाच्या पिल्लासारखा तरंगत होता. काहीच हरवलं नव्हतं. ह्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्याही हसायला लागल्या. होडी सरळ करायला चार हात आले. त्यातले दोन हिरव्या टोपीचे होते.

“काकू, तुम्ही?” ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. “मग पिशव्या?”

“आमचे हे आहेत ना.”

मुलीने किनाऱ्याकडे पाहिलं, मिस्त्रीकडे, मग बाईंच्या जॅकेटकडे, आणि लाल झाली. बाईंना वाटलं आता ही माफी मागणार आणि त्यात एक लाटांचा घोळका वाया जाणार, म्हणून त्या म्हणाल्या, “शेपूट धर. मी सांगितलं की ढकल.” तिने निमूट धरली. तेवढ्यात जीवरक्षक पाण्यातून पाय ओढत आला, झेंडा काठीसकट खांद्यावर. आता वेळ संपली म्हणून सांगायला आला होता, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानेही लहानपणी कुठेतरी बालवर्ग काढला असणारच. तो म्हणाला, “एकदाच हं मावशी,” आणि पट्ट्यात घुसलेल्या लोकांना शिट्टी फुंकून बाजूला काढू लागला. पहिली. दुसरी. तिसरी जरा रेंगाळली. चौथी. “ढकल,” बाई म्हणाल्या.

ह्या वेळी त्यांनी मागे पाहिलं नाही. मानेला सवयीचा हिसका बसला, दोनदा बसला, पण त्यांनी नजर होडीच्या केशरी नाकावर धरून ठेवली. नाक वर गेलं, आभाळ दिसलं, खाली आपटलं, पाणी मांडीवर आलं, पुन्हा वर गेलं. आणि मग काहीच आपटेना. नुसतं वर-खाली, वर-खाली, कुणी झोपाळा धरल्यासारखं. आवाज मागे राहिला. त्या थांबल्या, काठीचा पट्टा सोडला, गळाला कोळंबीचा तुकडा लावला. गळ खाली सोडला. रीळ सुर्र करत सुटत राहिलं, बऱ्याच वेळाने तळ लागल्याचा एक मऊ ठोका बोटाला कळला. केवढा खोल होता समुद्र. टाचेखाली सापडायचा तो हाच, पण एवढा.

मग त्यांनी होडी सावकाश वळवली आणि किनारा पाहिला. ह्या बाजूने त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. चष्म्याशिवायही लांबचं त्यांना चांगलं दिसे. सगळी माणसं लहान, रंगीत, खडूच्या डब्यातल्यासारखी, आणि त्यांच्या मागे इमारती, फळ्यामागच्या भिंतीसारख्या. झेंडा खडकाशी रोवला गेला होता. हिरवी टोपी काठावर टॉवेल शोधत होती. आणि मिस्त्री? तो होता तिथेच होता. पण त्याच्याभोवती आता दोन पिशव्या नव्हत्या. एक माणूस पिशव्यांपाशी नीट बसलेला आहे हे पाहून आजूबाजूची माणसं आपापलं सामान त्याच्याजवळ ठेवून गेली होती. छत्रीवालं ते जोडपं गेलं होतं, छत्री मिस्त्रीकडे होती. चपलांचे जोड, फुगवलेलं चाक, कुणाची तरी टोपली, आणि टोपलीशेजारी मांडी घालून बसवलेलं एक रांगणारं मूल, जे मिस्त्रीच्या मुठीकडे हात करत होतं. एक बाई आपली पर्स घेऊन अजून येतच होती.

मिस्त्रीने होडीकडे पाहिलं. तो अर्धा उठला, मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो परत बसला. मग त्याने मिटलेली मूठ वर करून हलवली, दुसरा हातही हलवला, जोरजोरात, इकडे ये, असा.

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, दोन्ही हात वर केले आणि त्याच्यापेक्षाही जोरात हलवले. मग पाठ वळवून गळाच्या दोरीवर बोट ठेवलं, आणि बसल्या.